बॉर्डर, उरी सगळे बघून झाले. फारसे माहीत नसलेले चांगले युद्धपट कोणते? (लढाई दणकून हवी, रडारड नको)

'रडारड नको' हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच शब्द मला आमच्या गावच्या गणपतीच्या मंडपात चारचौघांत ऐकवलेले आहेत.

आधी तुमचं काम उरकतो. दणकूनच हवं असेल तर 'दास बूट' (1981) बघा. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी आहे. वर शत्रूची जहाजं घिरट्या घालतायत, पाण्यात बाँब सोडतायत, आणि आत माणसं दाढ्या वाढवून, घामेजून, वर बघत गप्प बसलीयत. साडेतीन तासांची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. मधे कंटाळा येतो, तो यायलाच पाहिजे. दुसरा 'नो मॅन्स लँड' (2001). आपल्या 'लगान'च्या तोंडचं ऑस्कर यानंच पळवलं, म्हणून आपल्याकडे कित्येकांनी रागानं बघितलाच नाही. बोस्नियातल्या एका खंदकात एकमेकांचे वैरी अडकलेत आणि तिसरा माणूस अशा सुरुंगावर पडलाय की तो उठला की सगळे खलास. हसू येतं आणि लगेच हसल्याची लाज वाटते.

आता मंडपाचं. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. एका गणपतीत प्रोजेक्टर आणला होता आणि पोरांना 'बॉर्डर' लावायचा होता. तो गावातल्या लहान लेकरांनाही पाठ आहे. मी हट्टानं 'बॅलड ऑफ अ सोल्जर' (1959) लावला. रशियन, काळा-पांढरा, दीड तासाचा. खालची इंग्रजी अक्षरं कोण वाचणार? मग आरतीचा माईक हातात घेतला आणि जमेल तसं मराठीत सांगत बसलो.

गोष्ट साधी आहे. एकोणीस वर्षांचा अल्योशा. रणगाडे अंगावर येतात, हा जीव घेऊन पळतो, पळता पळता घाबरून दोन रणगाडे उडवतो. सेनापती खूश. पोरगं म्हणतं, मेडल नको, रजा द्या, आईच्या घराचं छप्पर दुरुस्त करायचंय. मी माईकवर म्हणालो, "माळवद गळतंय म्हणून रजा मागायलंय." झालं, बायका सरसावून बसल्या. दर उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती टाकण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना आणखी काय समजावून सांगायचं? सहा दिवसांची रजा मिळते: दोन जायला, दोन कामाला, दोन यायला. वाटेत कुणाला मदत कर, मालगाडीच्या पहारेकऱ्याला डबाबंद मांसाची लाच दे, असं करत ती रजा रुळांवरच सरत जाते.

मधे साबणाचा प्रसंग आहे. एक सैनिक बायकोसाठी साबणाच्या दोन वड्या अल्योशाजवळ देतो. हा शोधत शोधत घरी जातो तर तिथं दुसराच माणूस. दिलेला साबण तो परत घेतो आणि त्या सैनिकाच्या म्हाताऱ्या बापाला नेऊन देतो. त्यानं वड्या माघारी घेतल्या तेव्हा मंडपात बायकांकडून टाळ्या पडल्या. 'बॉर्डर'ला शिट्ट्या पडतात, पण साबणाला टाळ्या मी त्या रात्रीच ऐकल्या.

मंडळाचा अध्यक्ष माझा चुलत भाऊ, दादा. त्यानं मधेच येऊन माईक धरला. "युद्धाच्या पिच्चरमधे युद्ध कुठंय? ही रडारड कशाला लावलास? वर्गणीचा पैसा वाया." मी काही बोलायच्या आत पुढच्या रांगेतून काकू बोलल्या, "गप बस. तुझ्या बापाची रजा पण अशीच रेल्वेत सरायची." काका फौजेत ट्रक ड्रायव्हर होते. एकाहत्तरला सीमेवर होते. दादा खाली बसला, पण पटलं नाही ते नाहीच. आजही घरच्या ग्रुपवर कुणी युद्धाच्या सिनेमाचं नाव काढलं की त्याचा पहिला मेसेज ठरलेला: 'साबणवाला नको.'

माझं म्हणणं सरळ आहे. गोळी सुटताना कुणीही दाखवतो. ती लागल्यावर घरी काय होतं हे दाखवायला दिग्दर्शक लागतो. 'टँजेरिन्स' (2013) बघा. जॉर्जिया-अबखाझियाचं युद्ध चालू आहे, बागेत संत्र्याच्या जातीची फळं पिकलीयत, तोडायला माणूस नाही. म्हातारा पेट्या ठोकत बसलाय. मग दोन्ही बाजूंचा एकेक जखमी त्याच्याच घरात येऊन पडतो. जालन्याच्या मोसंबीवाल्यांनी तर बघावाच. लढाई म्हणाल तर पाचदहा मिनिटं, तेवढी पुरते.

'कम अँड सी' (1985) ताकदीचा आहे. बेलारूसमधली गावं माणसांसकट जाळली त्यावर. शेवटी आकडा येतो, 628 गावं. पण लेकरं जागी असताना लावू नका, एकट्यानंही नको.

हो, 'बॅलड' सोव्हिएत काळातला आहे, सोव्हिएत फौज त्यात जरा गोडच दिसते, हे धरून चाला. आणि 'बॉर्डर' मीही थेटरात उभं राहून बघितलाय, त्याच्याशी माझं वैर नाही. 'बॅलड' आणि 'कम अँड सी' हे मॉसफिल्म या रशियन स्टुडिओच्या यूट्यूब चॅनलवर मिळतात का बघा, बाकीचे शोधावे लागतील.

तुम्हाला रडारड नकोच असेल तर 'दास बूट'वर थांबा. आणि दादा, हे तू वाचणार हे मला माहीत आहे. त्या रात्रीच्या प्रोजेक्टरचं भाडं मी माझ्या खिशातून दिलं होतं. वर्गणीचा हिशेब काढ आणि बघ.