‘आपण ना काळे ना गोरे’ म्हणणाऱ्या परभणीच्या ताईंना

ताई, सलाम. तुमचा प्रश्न वाचला. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या हॉस्पिटलची नर्सची ऑफर आलीय, मालक आणि पाचवीतलं लेकरू बरोबर येणार. जी मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, तुम्हाला सुरुवातीला घर बघून देणार आहे, तिच्या पत्रात लिहिलंय की त्यांच्याकडे वंश आणि समेट यावर वर्ग चालतो, नव्या कुटुंबांनीही यावं. आणि तुम्ही विचारताय, ‘आपण ना काळे ना गोरे, आपण तिथं बसून काय करायचं? त्यापेक्षा सरळ तेलुगू नाहीतर मल्याळी मंडळी धरावी का?’ भाडं, गाडी, थंडीचे कपडे हे बाकीच्यांनी सांगितलंच आहे. मी जालन्याची, त्याच शहरात नर्स, आणि त्याच तऱ्हेच्या वर्गाला बरीच वर्षं जाते. तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. लांबलं तर सांभाळून घ्या.

एनक्लेक्स (तिथली नर्सची परीक्षा), व्हिसास्क्रीन (कागदांची तपासणी), प्रायॉरिटी डेट (व्हिसाच्या रांगेतली तारीख) यातलं मी काही सांगणार नाही. ते सगळं जिथल्या तिथं लिहिलेलं आहे. कुठंच लिहिलेलं नसतं ते आपल्या दलित ख्रिस्ती लोकांच्या दोन-दोन नावांचं. माझं शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात दुसरं. दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘हिंदू’ आणि पुढं जात, चर्चमध्ये अर्थातच ख्रिस्ती. का, ते तुम्हाला सांगायला नको. १९५० च्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्याची अनुसूचित जात गेली. शिखांना ती १९५६ मध्ये मिळाली, बौद्धांना १९९० मध्ये, आपण अजून बाहेरच. आपल्या राज्यात ओबीसीत घेतलंय, पण आमच्या वडिलांनी मला शाळेत घातलं तेव्हा एवढा हिशोब कोण करत होतं? मास्तरांनी विचारलं, त्यांनी सांगितलं, मास्तरांनी लिहिलं. पुढं जन्माचा दाखला नाही, त्याच्या बदली ‘नोंद आढळत नाही’ असं पत्र काढायचं तर ग्रामसेवक म्हणतो तहसीलला जा, तहसील म्हणते ग्रामपंचायतीतून आणा. आणि पत्र मिळालं तेव्हा त्यावर आईचं नाव चुकलेलं! नर्सिंग कौन्सिलच्या कागदावर तिसरंच स्पेलिंग. एकेका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्रं केली. तुम्ही आत्ताच राजपत्रात नाव छापून घ्या, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर पाळकसाहेबांचा शिक्का नवा मारून घ्या, आणि तिन्ही जणांचं आडनाव अक्षर न् अक्षर एक करा. व्हिसाच्या मुलाखतीला खिडकीतल्या बाईनं मला विचारलं, ‘ही दोन्ही माणसं तुम्हीच का?’ मी हो म्हणाले. ते हो म्हणताना जे वाटलं, त्याचा या वर्गाशी संबंध आहे, म्हणून सांगितलं.

एकटेपणाचं विचारलंत. वाटतो, आणि जातोही. ज्वारीचं पीठ इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, कधी कडवट निघतं. पुढं चला.

आता वर्ग. ऑगस्ट २०१४ मध्ये सेंट लुईसजवळच्या फर्ग्युसनमध्ये मायकल ब्राउन या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या पोलिसानं गोळ्या घातल्या. शहर पेटलं. त्यानंतर आमच्या मंडळीनं, म्हणजे बहुतेक गोऱ्या मंडळीनं, उत्तरेकडच्या एका कृष्णवर्णीय मंडळीला विचारलं की आपण एकत्र बसायचं का. त्यांनी हो म्हणायला वेळ घेतला. बरोबरच केलं. महिन्यातून एकदा, एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे. आधी जेवण. मग दोन्हीकडचा एकेक जण वर्ग चालवतो. नियम साधे: एक बोलत असताना दुसरा मध्ये तोंड घालणार नाही, कोणी ‘मी तसा नाही’ म्हणून सुरुवात करणार नाही, आणि तिथलं बोलणं बाहेर नेताना नाव घेणार नाही.

सुरुवातीचे बरेच महिने भावनांवर एक शब्द नाही. नुसता गावचा इतिहास. मला हे फार आवडलं, कारण आपल्याकडे प्रार्थनेनं सुरू होतं आणि डोळे पुसण्यावर संपतं, मधे माहिती काहीच नसते. इथं पहिल्यांदा जुन्या कोर्टाची इमारत दाखवली, जिथं १८४६ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामानं स्वतःच्या सुटकेचा दावा लावला. १८५७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हा माणूस नागरिकच नाही. मग चर्चचा इतिहास. फिलाडेल्फियात अठराव्या शतकाच्या शेवटी प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्या सभासदांना धरून उठवलं, म्हणून रिचर्ड ॲलन आणि त्याचे लोक बाहेर पडले आणि १८१६ मध्ये त्यांचा वेगळा चर्चसंघ उभा राहिला. सदर्न बॅप्टिस्ट (दक्षिणेतल्या गोऱ्यांचा चर्चसंघ) १८४५ मध्ये वेगळे झाले ते गुलाम बाळगणाऱ्यांच्या बाजूनं, आणि त्यांनी माफी मागितली १९९५ मध्ये. मधली दीडशे वर्षं दर रविवारी उपासना व्यवस्थित चालू होती.

मग घरांचा विषय निघाला. या शहरात डेलमार नावाचा रस्ता आहे. त्याच्या उत्तरेला बहुतेक काळे, दक्षिणेला बहुतेक गोरे. हे आपोआप झालेलं नाही. घरांच्या कागदांतच अट लिहायचे की हे घर काळ्या माणसाला विकायचं नाही. शेली नावाच्या कुटुंबानं १९४५ मध्ये इथंच लबाडी ॲव्हेन्यूवर घर घेतलं (हो, रस्त्याचं नाव असंच ऐकू येतं, मलाही हसू आलं होतं). त्या घरावर १९११ ची अट होती. त्या भागातले गोरे घरमालक कोर्टात गेले आणि १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की असली अट कोर्टानं अमलात आणता येणार नाही. तर आमच्या वर्गात सगळ्यांना सांगितलं, आपापल्या घराचे जुने कागद काढून आणा. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या सभासदानं ते वाक्य उभं राहून वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. समोर उत्तरेच्या मंडळीतल्या एक आजी होत्या, पोस्टातून रिटायर झालेल्या. त्या म्हणाल्या, ‘माझे वडील पोस्टमन होते. त्या रस्त्यावर त्यांनी जन्मभर पत्रं टाकली. तिथलं घर विकत घ्यायला मात्र त्यांना बंदी.’ आवाज चढवला नाही. पोळी खावी तशी समोरची कॉर्नब्रेड (मक्याचा पाव) खात बोलल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘तुमचे लोक तुमच्या गावात कुठं राहायचे?’

ताई, मी पटकन म्हणाले, ‘पूर्वेला.’ त्यांना वाटलं दिशा सांगतेय. तुम्हाला कळलं असेल.

मग सांगत गेले. गावाच्या पूर्वेचा महारवाडा, वेगळा पाणवठा. मुंबईत १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री ब्राह्मणातले, त्यांनी पुढं जालन्याजवळ बेथेल वसवलं आणि तिथं आले ते बहुतेक महार-मांग. इथवर बोलायला सोपं होतं, सगळे माना डोलवत होते. पण त्या आजींनी पुढं विचारलं, ‘मग चर्चमध्ये आल्यावर ते संपलं?’ एका बाकावर बसतो, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतो. रोटी झाली, बेटी नाही. सोयरिकीच्या वेळी बायोडेटावर ‘ख्रिश्चन’ लिहिलेलं असतं आणि आत्याबाई हळूच विचारतात, ‘मूळचे कोण?’ उत्तर महार आलं की मांग आलं, यावर चहा पुढं येतो की विषय बदलतो. माझ्या धाकट्या बहिणीचं जमलेलं लग्न यावरच मोडलं, दोन्ही घरं ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक पाठ असलेली. मी त्या दिवशी हे सांगितलं नाही. म्हणाले, ‘बरंच संपलं.’ त्या आजी काही बोलल्या नाहीत. त्या सगळ्या जमावात मी एकटीच असं उत्तर देत नव्हते, एवढं त्यांना नक्की ठाऊक होतं.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. आमच्या आजोळचं घर त्यात गेलं. पेटवणाऱ्यांनी दारावरचा क्रूस बघितला असणार. नाव बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. आई अजून म्हणते, त्या रात्री मांगवाड्यातल्या ख्रिस्ती घरांनी आम्हाला आत घेतलं. आणि तीच आई बहिणीच्या सोयरिकीला नाही म्हणाली. मी हे कुठं ठेवू, सांगा.

तुम्ही म्हणता आपण ना काळे ना गोरे. या देशानं ते कोर्टात ठरवून टाकलंय. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद नावाच्या शीख माणसानं नागरिकत्व मागताना आपण उच्च जातीचे आर्य आहोत, म्हणजे गोरेच, असं मांडलं. कोर्ट म्हणालं, नाही. पुढं १९६५ चा इमिग्रेशन कायदा आला तो इथल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीच्या लाटेत. तुमच्या-माझ्या व्हिसाची वाट तिथून निघते. आणि आपल्या बाजूनं म्हणाल तर जोतिबांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या लोकांनाच. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पोस्टातल्या आजींना नवल वाटलं नाही. त्यांनी उलट मला सांगितलं की मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले असताना केरळच्या एका शाळेत त्यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी करून दिली होती. आधी किंग यांना राग आला, मग म्हणाले, खरंच आहे.

शाळेचं. इथं शाळेचा बराचसा पैसा त्या-त्या भागातल्या घरपट्टीतून येतो. म्हणून येताक्षणी प्रत्येक भारतीय तुम्हाला सांगेल, डेलमारच्या वर घर घेऊ नका. प्रार्थनागटातसुद्धा सांगतील, आमेन म्हणायच्या आधी. मीही पश्चिमेच्या उपनगरात राहते, शाळेसाठीच. १९८३ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर शहरातली काळी मुलं बसनं अशा उपनगरी शाळांत यायची. माझ्या लेकाचा जिवलग मित्र तसाच, अंधारात उठून यायचा. सातवीत दोघांनी मिळून बाथरूमच्या भिंतीवर मास्तरांचं चित्र काढलं. चित्र माझ्या लेकानं काढलं, नाव त्यानं लिहिलं. माझ्या लेकाला समज देऊन सोडलं, त्याला तीन दिवस घरी बसवलं. मी शाळेत गेले, विचारलं, तर म्हणे, ‘त्याची आधीची नोंद आहे.’ नोंद काय, तर बस उशिरा आल्यामुळे उशीर. मी भांडले. पण फोन आला त्या क्षणी, माझं लेकरू सुटलं कळल्यावर, मला आधी हायसं वाटलं होतं. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. त्या मुलाची आई नंतर माझ्याशी नीट बोलली नाही. वर्गात सगळ्यात उशिरा मी बोलले ती गोष्ट ही.

तर जा त्या वर्गाला. तेलुगू मंडळीतही जा, भजनं ऐकायला मिळतील, आपल्या माणसांत जेवाल. पण तिथं हा विषय निघणार नाही. वर्गात गेलात तर पहिले काही महिने ऐका. कोणी काळी बाई आपलं सांगत असताना ‘आमच्याकडेही असंच’ म्हणून मध्ये पडू नका, तुमची पाळी येईल. गोरी माणसं रडतील. काही खरंच रडतात, काहींना लवकर माफी हवी असते. सहा आठवड्यांत समेट उरकणारी पुस्तिका घेऊन कोणी आलं तर सावध राहा. आमच्याकडे एकदा तशी आणली, उत्तरेच्या मंडळीतल्या बायका दोन वेळा आल्याच नाहीत. रडणाऱ्यांना रुमाल पुरवून त्या दमल्या होत्या.

नाताळाला मी जालन्याला येणार आहे. पाळकसाहेबांनी ‘अमेरिकेचे अनुभव’ म्हणून बोलायला सांगितलंय. काळ्या-गोऱ्यांचं सांगितलं तर टाळ्या पडतील. सोयरिकीचं सांगितलं तर आई पहिल्या बाकावर बसलेली असेल. अजून ठरलेलं नाही.

मालकांना इंग्रजी कमी येतं म्हणालात. त्यांनाही वर्गाला आणा. जेवण आधी असतं, आणि तिथले म्हातारे सावकाश बोलतात.