सांडपाण्यातील प्रतिजैविके : संशोधनाची आवड आणि नोकरीची वाट

प्रश्न : मी रसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकतो आहे. सांडपाण्यातील प्रतिजैविके प्रगत ऑक्सिडीकरणाने नष्ट करण्याच्या तंत्रात काम करण्याची इच्छा आहे. पुढे रसायनशास्त्रच शिकावे की अभियांत्रिकीकडे वळावे? नोकऱ्या मिळतात का?

उत्तर : नोकऱ्या आहेत, पण केवळ या तंत्राच्या नावाने निघणाऱ्या जागा थोड्याच. औषधनिर्मिती कारखाने, सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्या आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा यांतून या कामापर्यंत पोहोचता येते.

अभियांत्रिकीकडे वळण्याची घाई मात्र करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओझोन, किंवा अतिनील किरण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, यांच्या साहाय्याने हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील, अल्पायुषी कण) निर्माण करून औषधाचा रेणू तोडणे हे या प्रक्रियेचे मर्म आहे. परंतु हा मूलक समोर येईल त्यावर तुटून पडतो आणि पाण्यातील बायकार्बोनेट आणि औषधाखेरीजची सेंद्रिय द्रव्येच त्याचा बराच भाग खर्ची घालतात. त्यामुळे शुद्ध पाण्यातला देखणा निकाल खऱ्या सांडपाण्यात फिका पडतो. (शोधनिबंध वाचताना प्रयोगात पाणी कोणते वापरले, हे आधी पाहावे.) १८९४ मध्ये हेन्री फेंटन यांनी वर्णिलेली लोह व पेरॉक्साइडची अभिक्रियाही सामू (पीएच) ३ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी पाण्यात, उत्तम चालते; त्यामुळे आधी आम्ल घालायचे, मग ते उदासीन करायचे आणि शेवटी लोहाच्या गाळाची विल्हेवाट लावायची.

खरी मेख पुढे आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकावर प्रक्रिया करताना अनेकदा आधी त्याच्या रेणूच्या कडेचे पायपरझिन वलय तुटते, तर मधला क्विनोलोन गाभा काही काळ टिकतो. तपासणी यंत्राच्या आलेखावरचे मूळ औषधाचे शिखर नाहीसे होते, पण एकूण सेंद्रिय कार्बन (पाण्यातील सर्व सेंद्रिय द्रव्यांतला मिळून कार्बन) फारसा घटलेला नसतो, आणि तयार झालेल्या तुकड्यांत जीवाणूंना मारण्याची काही क्षमता उरलेली असू शकते. पाण्यात नेमके काय उरले, हे सांगू शकणारा माणूस या कामात सर्वांत मोलाचा ठरतो. म्हणून विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, लिक्विड क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातील घटक वेगळे करणे) आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (वस्तुमानावरून रेणू ओळखणे) हात बसवावा, आणि सोबत अभिक्रिया-गतिकी (अभिक्रियांच्या वेगाचा अभ्यास) व सूक्ष्मजीवशास्त्राचा प्राथमिक अभ्यास करावा.

या वर्षीच्या प्रकल्पासाठी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना मिळवून त्याची क्षारता (आम्ल उदासीन करण्याची क्षमता) आणि रासायनिक ऑक्सिजन मागणी (पाण्यातील द्रव्यांच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) मोजावी. पेरॉक्साइड वापरल्यास मोजणीपूर्वी उरलेले पेरॉक्साइड नष्ट करावे, अन्यथा ही मागणी प्रत्यक्षाहून अधिक दिसते.