नर्सरीतून ‘अ‍ॅस्पर’ म्हणून बांबूची दोनशे रोपं आणली. शेजारी म्हणतो हा साधा माणगा आहे. पानं तर सारखीच दिसतात. नक्की जात कशी ओळखायची?

पानांवरून ओळखायला जाऊ नका, फसाल. एकाच काठीवर बोटाएवढं पान असतं आणि वीतभरही असतं. रोपं दोन वर्षांची असतील तर आत्ता कोणीही छातीठोकपणे जात सांगू शकणार नाही. जो सांगेल त्याला पुढची रोपं विकायची असतात.

मी हे पैसे घालवून शिकलो. नऊ वर्षांपूर्वी माणगा म्हणून चाळीस रोपं आणली. पाचव्या वर्षी बेट असं गच्च झालं की कोयता घालायला जागा नाही. आमच्याकडे माणग्याचं बेट सुटं असतं, काठ्या अंतर ठेवून येतात, हवी ती काठी बुंध्यातून तोडता येते. माझ्या रानात आली ती मानवेल, म्हणजे विदर्भाच्या जंगलात भरून आहे ती. नंतर आठवलं, नर्सरीवाला म्हणाला होता, ‘बियांची रोपं आहेत, जोमदार.’ तिथेच उठून यायला हवं होतं. माणग्याला क्वचित फुलोरा येतो, पण बी धरत नाही. त्याची लागवड कंदाने नाहीतर काठीच्या तुकड्याने होते. मानवेलीला मात्र बी भरपूर येतं, म्हणून तिची रोपं स्वस्त.

गंमत म्हणजे अ‍ॅस्पर, माणगा, मानवेल हे तिन्ही आज डेंड्रोकॅलॅमस या एकाच प्रजातीतले (म्हणजे जीनसमधले). मानवेल म्हणजे स्ट्रिक्टस. माणगा म्हणजे स्टॉक्साय, आणि त्याची कथा लांब आहे. 1868 साली मन्रो या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला ऑक्सिटेनँथेरा या दुसऱ्या प्रजातीत घातलं. 1991 मध्ये तो स्यूडोऑक्सिटेनँथेरात गेला, 2004 मध्ये डेंड्रोकॅलॅमसमध्ये आला. जुनी वाटणी फुलावरून: पुंकेसरांचे दांडे जुळून नळी झाली असेल तर ऑक्सिटेनँथेरा, सुटे असतील तर डेंड्रोकॅलॅमस. कागदावर छान. पण बांबू फुलणार कित्येक दशकांनी, तोवर रानात उभं राहून काय बघायचं? आणि डीएनए बघूनही डेंड्रोकॅलॅमस आणि बांबुसा ही बांबूची आणखी एक प्रजाती यांच्यातली सीमा स्वच्छ निघालेली नाही. तेव्हा सरकारी कागदावर माणग्याचं नाव वेगळं दिसलं तर घाबरू नका, झाड तेच असतं. (झाड म्हणायची सवय. आहे ते गवत, पण शेतातल्या बांबूलासुद्धा वनकायदा 2017 पर्यंत झाडच म्हणत होता.) गावची नावं तर आणखी घोळाची. ‘मेस’ कोणी माणग्याला म्हणतं, कोणी दुसऱ्याच बांबूला.

मग बघायचं काय? कोंबाचं आवरण. पावसाळ्यात नवा कोंब वर आला की प्रत्येक पेराला गुंडाळलेलं ते जाड, टोकाला छोटं पातं असलेलं साल. जमिनीलगतचं घेऊ नका, ते नेहमीच खुजं आणि अर्धवट असतं. चौथ्या-पाचव्या पेरावरचं, गळायच्या आधी, हाताने अलगद सोडवा. पातं जिथे सालाला जुळतं तिथे दोन बाजूंना कान असतात आणि आतून एक जीभ. कान आहेत की नाहीत, त्यांवर राठ केस आहेत का, जीभ किती उंच आणि तिची कड झालरीसारखी आहे का, पातं उभं आहे की मागे वळलेलं, सालावरची लव कुठल्या रंगाची, हे सगळं ताजं असतानाच लिहून फोटो काढा. वाळलं की रंग जातो आणि लव झडते. माझ्या कपाटात वर्तमानपत्रात दाबलेली अशी अकरा सालं आहेत. बायको त्यांना चपलांचे तळवे म्हणते.

मानवेलीचं पातं उभं, त्रिकोणी, आणि कान जवळजवळ नसतातच. अ‍ॅस्परचं पातं मागे वळतं, कान सुरकुतलेले आणि केसाळ, जीभ झालरीची. अ‍ॅस्परची कोवळी काठीही लगेच कळते: खालच्या पेरांवर तपकिरी मखमल, हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखी, आणि खालच्या गाठींना मुळ्यांचं कडं. अशा मुळ्या डेंड्रोकॅलॅमसमधल्याच ब्रँडिसाय जातीलाही येतात, म्हणून घोटाळा होतो, पण त्याची लव फिकी, पांढुरकी असते. जायगँटियस या तिथल्याच आणखी एका जातीला मखमल नाही, कोवळ्या काठीवर मेणासारखी पांढरी भुकटी असते.

काठी भरीव की पोकळ यावरून निकाल लावू नका. मानवेल कोरड्या डोंगरावर भरीव निघते आणि ओलाव्याच्या जागी पोकळ.

तुमच्या वादाचा निकाल मात्र सोपा आहे. माणगा नऊ-दहा मीटर वाढतो आणि काठी तीन-चार सेंटिमीटर जाड. अ‍ॅस्पर वीस मीटरच्या वर जातो आणि मनगट सोडून मांडीशी स्पर्धा करतो. चौथ्या-पाचव्या पावसात जे कोंब येतील ते मुठीत मावले तर शेजारी बहुधा बरोबर. तोवर दोनशेपैकी चार-पाच रोपं वेगळी दिसतात का तेही बघून ठेवा. माझ्या चाळिसांत दोन खरोखर माणग्याची निघाली होती, आणि आता मी काठ्या तोडतो त्या त्या दोन बेटांतून.