एप्रिलअखेरीस कॅनडातल्या विनिपेगला स्थलांतरित पक्षी दिसतील का, की तेव्हाही बर्फच असतो?

मुलीकडे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येताय, भिगवणची वारी दरवर्षी करता, आणि इथे नुसता बर्फ बघून परतावं लागेल की काय अशी धास्ती आहे, असं तुम्ही लिहिलंय. धास्ती सोडा. पक्षी पोटभर बघायला मिळतील. फक्त सुरुवात मोठ्या सरोवरापासून करू नका.

मी इथे आले त्या वर्षी तेच केलं होतं. मे उजाडला म्हणून विनिपेग सरोवराच्या काठावरच्या गिमलीला गेले, तर नजर पोचेल तिथवर बर्फ. हे सरोवर बहुतेक वर्षी मेमध्येच मोकळं होतं. परत येताना रस्त्याकडेच्या चारीत थापट्या बदकाचं जोडपं दिसलं. उजनीवर हिवाळ्यात शेकड्यांनी चरताना आपण बघतो तेच, पसरट चोचीचं. चारीतलं पाणी जेमतेम ओसरीएवढं. मादी वाळक्या गवताला लागून खात होती आणि दुसरा नर उतरला की पहिला मान खालीवर करत त्याच्या अंगावर जायचा. तीनदा त्याने त्याला हाकलून लावलं. उजनीवर इतकी वर्षं बघूनही थापट्याचं हे रूप मला माहीत नव्हतं. (इथली थापटी भारतात येत नाहीत. ती थंडीत अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि मेक्सिकोत उतरतात. जात मात्र तीच.)

तेव्हापासून मी तारीख बघत नाही, पाणी कुठे उघडलंय ते बघते. उथळ पाणी आधी वितळतं. हिमयुगातले बर्फाचे थर मागे सरले तेव्हा या गवताळ प्रदेशात लाखो खळगे राहिले. वसंतात बर्फाच्या पाण्याने ते भरतात, आणि उत्तर अमेरिकेतली निम्मी तरी बदकं अशाच खळग्यांत पिल्लं वाढवतात. म्हणून शेतात साचलेलं डबकंही दुर्बीण लावून बघा.

पहिल्या दिवशी ओक हॅमक मार्श. शहराच्या उत्तरेला साधारण 30 किलोमीटर, 36 चौरस किलोमीटरचा परिसर. एकेकाळी ही दलदल शेतीसाठी उपसून टाकली होती, नंतर बांध घालून पुन्हा पाण्याखाली आणली. त्याच बांधांवरून चालता येतं. पाणकणसाच्या वाळक्या दांड्यांवर रेड-विंग्ड ब्लॅकबर्डचे नर बसलेले असतात. एरवी काळेभोर, ओरडताना खांद्यावरचा लालभडक पट्टा फुलवतात. माद्या मागाहून येतात. सूर्यास्तापर्यंत थांबाच. शेतात चरायला गेलेले गीज (रानहंस) रात्रीच्या मुक्कामाला पाण्यावर उतरतात, तेव्हा शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

दुसरं ठिकाण लॉकपोर्ट. रेड नदीवरच्या बंधाऱ्याखाली पाणी लवकर मोकळं होतं आणि पांढरे पेलिकन मासे पकडायला जमतात. पंखांचा पसारा 9 फुटांच्या आसपास. चोचीवर शिंगासारखा उंचवटा दिसेल. तो फक्त विणीच्या हंगामात येतो आणि अंडी घातल्यावर गळून पडतो. म्हणजे तुम्ही अगदी योग्य वेळी येताय.

माझा सर्वात लाडका मात्र फ्रँकलिन्स गल. आपल्याकडे नांगरामागे बगळे चालतात ना, तसे इथे ट्रॅक्टरमागे हे काळ्या डोक्याचे कुरव उडत असतात. छातीवर फिकट गुलाबी झाक असते, ऊन तिरपं असेल तरच नीट कळते. हिवाळा पेरू-चिलेच्या किनाऱ्यावर काढून हा एवढासा जीव इथवर येतो. मला तो वर्षाचा पहिला दिसला की त्या दिवशी घरी आधी तेच सांगते.

वारा बोचरा असतो, कानटोपी आणि हातमोजे घ्याच. खडीच्या रस्त्यांवर गाडीतूनच बघा, पक्षी बुजत नाहीत. शेतं खासगी आहेत, आत शिरू नका. गवतातून आलात तर मोजे आणि पोटऱ्या तपासा, बर्फ गेला की गोचिडी लगेच जाग्या होतात.

परतीची तारीख तुम्ही लिहिली नाहीये. मेचा तिसरा आठवडा मिळत असेल तर थांबा. तेव्हा वॉर्बलर, म्हणजे झाडांवरचे चिमुकले रंगीत पक्षी, येतात, आणि ते बघायला कुठे जावंही लागत नाही. सकाळी चहा घेऊन मुलीच्या घराजवळच्या झाडांखाली उभ्या राहा.