नीट तिसऱ्यांदा कोणासाठी?

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात तीस वर्षांहून अधिक काळ परिचारिका म्हणून काम करून आपण आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहात. मुलीला एमबीबीएस प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत दोनदा पुरेसे गुण मिळाले नाहीत, तिला बीएस्सी नर्सिंगला जायचे आहे आणि तिने तिसऱ्यांदा नीट द्यावी म्हणून मी तिची समजूत घालावी, अशी इच्छा आपण पत्रात कळवली आहे. ते मी करणार नाही. पत्रात मला तिच्या गुणांची काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती 'नर्स झालीस तर मला आई म्हणू नकोस' या आपल्या वाक्याची. मुलगी हल्ली घरात फारशी बोलत नाही, असे आपणच पुढे लिहिता आणि त्याचे खापर अभ्यासाच्या ताणावर फोडता. हे वाक्य ऐकल्यावर तिने काय बोलावे, अशी आपली अपेक्षा आहे?

रात्रपाळीला चाळीसहून अधिक खाटांमागे दोघीच, नातेवाइकांच्या शिव्या, कालपरवा रुजू झालेल्या निवासी डॉक्टरने रुग्णांसमोर केलेला पाणउतारा, हे सारे आपण सोसले आहे आणि त्यातले काहीही मी सौम्य करून सांगणार नाही. मात्र त्याचा हिशेब व्यवस्थेकडे मागायचा असतो. मुलीच्या एमबीबीएस प्रवेशाने तो चुकता होत नाही. शिवाय नातेवाइकांचा मार निवासी डॉक्टरांनाही चुकलेला नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

'नर्स म्हणजे जन्मभर दुसऱ्याचे हुकूम बजावणे' हा आपला मुख्य आक्षेप. गंमत अशी की तो खोडून काढणारा पुरावा आपल्याच पत्रात आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या त्या वृद्ध रुग्णाचा रक्तदाब ठीक होता आणि तो स्वतःही 'बरे आहे' म्हणत होता. पण तो सारखी चादर चाचपत होता, म्हणून आपण घड्याळ लावून मिनिटभर त्याचे श्वास मोजले, ते २८ भरले, म्हणजे बरेच जास्त. डॉक्टरांना फोन केल्यावर 'थोडा वेळ बघा' असे उत्तर मिळाले, तरी आपण पुन्हा फोन केला आणि पहाटेपूर्वी तो आयसीयूत हलवला गेला. यात हुकूम कोणाचा होता? प्रकृती ढासळताना रक्तदाब उतरण्याआधी श्वासाची गती वाढते, हे ज्ञान आणि ती मोजण्याची सवय आपली होती. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलण्याचेही तसेच: माकडहाडावर आणि टाचांवर सतत दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो व मांस मरू लागते, आणि यातून होणारी जखम (बेडसोर) पुढे बरी करण्यापेक्षा आधी टाळणे हेच खरे कौशल्य असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी परिचारिका अरुणा शानबाग यांना ३७ वर्षांत एकही बेडसोर होऊ दिला नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात दखल घेतली आणि शानबाग यांच्या वतीने भूमिका घेण्याचा हक्कही केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच मानला. निव्वळ हुकमाच्या ताबेदारांना असा हक्क कोणी देत नाही.

आता वाटेविषयी थोडक्यात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी घेऊन बारावी, राज्य सीईटी कक्षाची नर्सिंग सीईटी ही प्रवेश परीक्षा, चार वर्षांची पदवी, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, एम्स रुग्णालयांतील परिचारिका भरतीसाठी नॉरसेट ही परीक्षा. नर्सिंग करून पुढे एमबीबीएसला वळता येईल का, हे आपण हळूच विचारले आहे. तसा आडमार्ग नाही, आणि ती आशा मनात ठेवून तिला प्रवेश घेऊ देऊ नका. महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. विद्यार्थिनी कोणत्या रुग्णालयात शिकतात आणि तिथल्या खाटा खरोखर भरलेल्या असतात का, ते पाहा. छोट्या खासगी नर्सिंग होममधला पगार अनेकदा लाज वाटावी इतका असतो, हेही तिला आधीच सांगा.

एक गोष्ट मात्र मला पत्रावरून कळली नाही: मुलीला नर्सिंग खरोखर हवे आहे, की नीटच्या कचाट्यातून सुटायचे आहे? दुसरे कारण असेल, तर पहिल्याच रात्रपाळीत ती खचेल आणि मग मीच तिला वेगळे काही सुचवीन. हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय ठरवता येणार नाही. तिला माझ्याकडे एकटीला पाठवा; आपण सोबत येऊ नये, ही विनंती. त्याआधी चादर चाचपणाऱ्या त्या आजोबांची हकिकत तिला सांगितली आहे का, तेवढे कळवा.