विमानाच्या नियंत्रणप्रणालीतील नट-बोल्ट तपासताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत घडलेल्या मुलांचा पान्यावर हात बसलेला असतो, ही जमेची बाजू आहे. मात्र रडर (विमान डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची उभी झडप), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी झडप) किंवा एलेरॉन (विमान कलवणारी पंखावरची झडप) यांच्या जोडणीत हाताच्या अंदाजाला जागा नाही, टॉर्कचा (आवळण्याच्या जोराचा) आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (विमानाच्या सुरक्षिततेसाठी नियामकाने काढलेला बंधनकारक आदेश) आली की तपासणी ऐच्छिक राहत नाही, त्यामुळे ती कोणत्या विमानांना लागू आहे हे आधी नीट वाचावे.

७३७ मॅक्स विमानाच्या रडरच्या जोडणीत नटच नसलेला बोल्ट नेहमीच्या देखभालीत सापडल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये बोइंगने विमान कंपन्यांना तपासणी करण्यास सांगितले. नट नसतानाही बोल्ट जागेवर दिसू शकतो आणि नवखे नेमके इथेच फसतात, कारण ते फक्त बोल्टचे डोके पाहून समाधान मानतात. आरसा आणि टॉर्च घेऊन पलीकडची बाजू पाहावी: नटाबाहेर आटे दिसतात का, कॉटर पिनची (नट सुटू नये म्हणून आरपार घालायच्या पिनेची) टोके नीट वळवली आहेत का. काढलेली कॉटर पिन पुन्हा घालू नये. सेल्फ-लॉकिंग नट (स्वतःच आट्यांवर घट्ट धरून राहणारा नट) नुसत्या बोटांनी पूर्ण फिरत असेल, तर तो बाद समजावा.

आपल्या कामाची दुसऱ्या अधिकृत व्यक्तीने स्वतंत्र तपासणी केली म्हणून कमीपणा मानू नये. भेगा शोधण्याच्या प्रगत पद्धती सवडीने शिकता येतील.