समुपदेशकाचा अहवाल: मुलाला काय शिकवायचं?

मुलगा 7 वर्षांचा, त्याच्या ताब्याच्या वादात कौटुंबिक न्यायालयाने समुपदेशकाकडून अहवाल मागवलाय आणि तुम्ही विचारताय, मुलाला काय बोलायला शिकवू? काहीही नाही. पढवलेलं मूल पटकन ओळखू येतं. "बाबा बेजबाबदार आहेत" असं ते घडाघडा म्हणतं, पण "म्हणजे काय करतात?" विचारलं की गप्प होतं. मग अहवालात शेरा येतो तो पढवणाऱ्याबद्दल. एवढंच सांगा, की एक ताई किंवा काका गप्पा मारणार आहेत आणि त्यात चूक-बरोबर काही नसतं.

समुपदेशक साधारणपणे आई-वडील दोघांशी वेगवेगळं बोलतात, मुलाशी एकट्याने बोलतात आणि ते प्रत्येकाजवळ कसं वागतं ते बघतात. न्यायालयाने सांगितलं असेल तर घरीही येतात. घर किती मोठं यापेक्षा शाळा सुटल्यावर घरी कोण असतं, अभ्यास कोण घेतं, ताप आला की रजा कोण टाकतं, हे महत्त्वाचं. लसीकरणाचं कार्ड, प्रगतिपुस्तक, स्वतःच्या कामाच्या वेळा जवळ ठेवा. जोडीदाराच्या चॅटचे स्क्रीनशॉट वकिलाकडे राहू द्या. ते दाखवण्यात मुलाबद्दल बोलायचा वेळ जातो.

"समुपदेशकापुढचं सगळं गोपनीय" या भरवशावर राहू नका. तडजोडीची बोलणी गोपनीय असतात, पण मुलाबद्दलचा अहवाल न्यायालय विचारात घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पेरी कन्साग्रा प्रकरणात म्हटलंय. रागाच्या भरात "ठेव तुझ्याकडेच" म्हणालात, तर ते नडू शकतं.

मुलाच्या दुसऱ्या पालकाशी ठरलेल्या भेटी टाळणंही असंच अंगाशी येतं. मूल आजारी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्याच मेसेजमध्ये पर्यायी तारीख पाठवा. समोरच्याने "मूल माझ्याविरुद्ध भडकवलं" म्हटलं म्हणून ते सिद्ध होत नाही. असा शिक्का सहज मारू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये बजावलंय.

पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, हा 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातला नियम तुमच्या मुलाला आता लागू नाही. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम 17 नुसार समजत्या मुलाची इच्छा विचारात घेता येते, पण सातव्या वर्षी केवळ तिच्यावर निकाल लागेल असं धरून चालू नका.

अहवाल न्यायाधीशांवर बंधनकारक नसतो. वकिलामार्फत प्रत मिळते का बघा. मिळाली तर परिच्छेद क्रमांक देऊन लेखी हरकत घ्या: काय चुकलं, त्याचा कागद कोणता. नुसतं "अहवाल एकतर्फी आहे" लिहून उपयोग नाही. मुलाच्या वागण्यात गंभीर बदल असेल, तर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 12 खाली मानसतज्ज्ञाची मदत घ्यावी असा अर्ज करता येतो. स्वतःच्या ओळखीच्या तज्ज्ञाचं परस्पर आणलेलं प्रमाणपत्र फारसं टिकत नाही.